रुमालाखालचा पंजा

"तोंड बजाराचं, बोट इमानाचं."

भगवंतराव इंगोल्यांच्या तोंडी हे वाक्य असं बसलं होतं की अकोल्याच्या बाजारातले हमालही त्यांच्या माघारी ते म्हणून हसत. चहा थंड आला तरी भगवंतराव तेच म्हणत आणि ठरलेला सौदा मोडला तरी तेच म्हणत. पण ते वाक्य थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्यात एका अख्ख्या बाजाराचा धर्म होता.

सरकीचा आणि ढेपेचा, म्हणजे गुरांना घालायच्या सरकीच्या पेंडीचा, व्यवहार तेव्हा रुमालाखाली चाले. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पडे, आणि आत बोटं बोलू लागत. वर तोंडानं वाट्टेल ते चालू असे. 'ह्या भावात तं माती बी येत नाई,' 'बापा, लुटतं का मले,' अशा शपथा, उठून जाण्याची सोंगं. ते सगळं भोवती उभ्या असलेल्या लोकांसाठी. खरा भाव आत. अंगठा दाबला म्हणजे नको, थांब. सगळा पंजा दाबला म्हणजे पक्कं. तोंडानं खोटं बोललं तर त्याचं पाप कोणी मोजत नसे. पण रुमालाखाली ज्याचं बोट खोटं बोललं, त्याच्या हाताला पुन्हा कोणी हात लावत नसे. आणि रुमालाखाली जे झालं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हेही त्याच धर्मातलं. पुढे सरकारनं ती रीत बंद केली, लिलाव उघड्यावर आले, आता तर भाव मोबाईलवर दिसतो. तरी जुनी माणसं आपसात रुमाल टाकत राहिली. सवय म्हणा, माया म्हणा.

भगवंतरावांना हा धर्म हुसेनभाईंनी शिकवला. भगवंतराव तिवसा तालुक्यातले. घरी काळी कसदार जमीन, खाऊनपिऊन सुखी घर. पण या माणसाचा जीव नांगरामागे कधी रमला नाही. मिसरूड फुटताच ते अकोल्याला आले आणि ढेपेच्या एका दुकानात बसू लागले. हुसेनभाई कापूस पिंजणाऱ्या घराण्यातले, भगवंतरावांहून थोडे थोरले, सरकीची दलाली करत. पहिल्यांदा दोघांच्या हातांवर रुमाल पडला तेव्हा भगवंतरावांचा तळवा घामानं ओला झाला होता.

"भौ, हात हाय का वल्लं पोतेरं?" हुसेनभाई रुमालावरून हसले. "भेऊ नको. आत कोनी पाह्यत नाई, म्हणूनच आत खरं बोला लागते."

तो ओला हात पुढे वाळला आणि बाजारात चालू लागला. भगवंतरावांचं स्वतःचं दुकान झालं, मग गोदाम. ढेपेचं पोतं उघडलं की वरच्या थरावर त्यांचा भरवसा नसे. कोपरापर्यंत हात खाली घालत, तळाचा तुकडा काढत, दाताखाली फोडत, आणि मग बोलत. व्यापाऱ्यांनी मिळून मोर्णाकाठ सहकारी बँक काढली तेव्हा अशा माणसाला संचालक करणं साहजिकच होतं. गाव त्या बँकेला 'ढेपबँक' म्हणे. भगवंतराव हसून म्हणत, "ढेप खाऊनच म्हैस दूध देते, लेकहो." पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. कर्ज मागायला आलेल्याच्या कागदांआधी ते त्याच्या गोदामात जात आणि पोत्याच्या तळाशी हात घालत. बँक वाढली. अमरावतीला शाखा निघाली. सभांमधून लोक त्यांना 'साहेब' म्हणू लागले. फक्त हुसेनभाई 'भौ' आणि 'तू' म्हणत राहिले, आणि रोज सकाळी बँकेत जाण्याआधी भगवंतराव बाजारात हुसेनभाईंच्या दुकानी घटकाभर टेकत राहिले. त्या घटकेत दोघं फारसं बोलतही नसत. एक बशीतून चहा पिई, दुसरा रस्ता पाही.

आता ज्याची लाज आहे, त्या दुपारकडे यावं लागतं.

दोन मोठ्या तेलगिरण्या एकाच हंगामात बसल्या. दोघींचं कर्ज मोर्णाकाठ बँकेचं. भोक असं पडलं की ठिगळ पुरेना. भगवंतराव आणि बँकेचे व्यवस्थापक प्रीतम यांनी धावपळ करून अमरावतीची एक दांडगी बँक गाठली. ती मोर्णाकाठला पोटात घ्यायला तयार झाली. म्हणजे सगळ्यांचा पैसा वाचणार होता. पण वेळ लागणार होता, आणि तोवर वरून निर्बंध येणार होते. कोणाला आपल्या खात्यातून चार पैशांवर काढता येणार नाहीत असे निर्बंध. मुंबईच्या बैठकीत त्यांना तसं स्पष्ट सांगण्यात आलं आणि गुप्ततेची ताकीदही देण्यात आली. परतीच्या गाडीत प्रीतम हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एकाच्या कानी गेलं तरी दारात रांग लागन. अन् रांग लागली का अमरावतीवाले हात वर करतीन. मंग कोनाचंच काई राह्यत नाई. वहिनीलेबी सांगू नोका."

भगवंतरावांनी बायकोला, वच्छलाबाईंनाही, सांगितलं नाही.

हुसेनभाईंची मुलगी नगमा घरातच गाद्या आणि रजया करी. हात असा बसलेला की अमरावतीच्या लोकांनी तिच्या रजया मागवाव्यात. तिला बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा मिळत होता. त्यासाठी हुसेनभाईंनी भातकुलीकडचा वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकला आणि खरेदीखत होईपर्यंत ती सगळी रक्कम मोर्णाकाठमध्ये ठेवली. कुठं ठेवणार दुसरीकडे? तिथं भौ होता.

त्या दिवशी भगवंतराव सकाळी टेकले नाहीत. भरदुपारी बाजारातून पायी जात असताना हुसेनभाईंनी हाक मारली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, दारात हमाल टेकले होते. हुसेनभाईंनी इकडचं तिकडचं काढलं, उन्हाला दोन शिव्या हासडल्या. मग बोलता बोलता खांद्यावरचा रुमाल सहज ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

बाजारात काहीतरी कुजबुज असणार. चारचौघांत विचारलं तर भगवंतरावांची अब्रू जाईल, म्हणून त्या माणसानं तोंडानं विचारलं नाही. रुमालाखाली विचारलं. हुसेनभाईंचा हात भगवंतरावांच्या हातात येऊन उताणा थांबला. अंगठा दाब किंवा पंजा दाब, एवढंच ते मागत होते. काढू का ठेवू?

वर हुसेनभाई गिऱ्हाइकाला सांगत होते, "यंदा सरकीत दम नाई राह्यला." आणि रुमालाखाली तो हात वाट पाहत होता. जाड, कोरडा, बोटांच्या पेरांवर घट्टे असलेला हात. याच हातानं भगवंतरावांच्या हाताला बोलायला शिकवलं होतं.

भगवंतरावांच्या मनात काय काय गेलं असेल? अंगठा दाबावा तर हुसेनभाई आज तीन वाजता बँकेत जातील. हुसेनभाईंनी एवढी रक्कम काढली हे चार वाजेपर्यंत साऱ्या बाजाराला कळेल. सकाळी रांग. अमरावतीवाले हात वर करतील. भातकुलीच्या एका तुकड्यासाठी सगळ्या बाजाराची राख. हिशेब बरोबर होता. बँकेच्या खुर्चीत बसणाऱ्या कोणालाही तो बरोबरच वाटला असता.

भगवंतरावांनी पंजा दाबला.

हुसेनभाईंनी रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली. "चहा घे भौ," ते म्हणाले. भगवंतरावांनी चहा घेतला. तो घशाखाली कसा गेला हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

चौथ्या दिवशी निर्बंध आले.

बँकेच्या दारात लोक जमले, घोषणा झाल्या, एका म्हातारीनं पायरीवर बसून नाव घेऊन शिव्या दिल्या. भगवंतराव दारात उभे राहिले. पळाले नाहीत. "पैसा जाणार नाही, थांबा," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि त्यांचा शब्द बाजारात चालत होता म्हणून लोक थांबले. त्या गर्दीत त्यांची नजर फक्त एक माणूस शोधत होती. हुसेनभाई आले नाहीत. गर्दीच्या तिसऱ्या दिवशी नगमा आली, तीही शिव्या द्यायला नव्हे.

"काका, अब्बा तं येऊच देत नोयते," ती म्हणाली. "म्हणते, रांगीत कावून उभी राह्यतं? भगवंतनं मले सांगून ठेवलं आहे. लोकायचं अडकलं असन, आपलं नाई. त्यानं काईतरी केलं असन. म्हणून इचारतो, काका, आपलं कधी भेटन?"

भगवंतराव तिच्याकडे पाहू शकले नाहीत. "होईन, बेटा," म्हणाले. तोंडानंच म्हणाले, तेवढं बाजाराच्या धर्मात माफ होतं.

हुसेनभाई मात्र पंजा धरून बसले. गाळेवाल्याला सांगत राहिले, आज येतो, उद्या येतो. भावाकडून उसने घ्या असं हाजराबी, त्यांची बायको, म्हणाली, तर तिच्यावर खेकसले. ज्याचा हात पक्का झाला आहे त्यानं दुसऱ्याच्या दारात कशाला जावं? शेवटी गाळेवाल्यानं वाट पाहून गाळा दुसऱ्याला दिला. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. नगमा अजून बापाच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत रजया शिवते.

पुढचं सगळं चांगलं झालं, आणि तेच वाईट झालं. दीड वर्षानं बँका एकत्र आल्या. प्रत्येकाचा पैसा परत मिळाला, हुसेनभाईंचाही. घबराट न होऊ देता बँक पार नेली म्हणून भगवंतरावांचं नाव झालं. अमरावतीच्या बँकेनं त्यांना संचालक मंडळावर घेतलं. मग सहकार खात्यानं लहान बँकांच्या वित्त समितीवर नेमलं. ढेपेचं पोतं दातानं पारखणारा माणूस सरकारी गाडीतून फिरू लागला, अडलेल्या बँकांच्या वह्या पाहू लागला. वर्तमानपत्रात फोटो आले. आणि जितके फोटो आले, तितका हा माणूस बाजाराच्या रस्त्यानं जाईनासा झाला. सकाळची ती घटका बंद पडली. बोलताना ते उजवा हात खिशात घालू लागले. तेलकट काही लागलं असावं तसे तळवा धोतराला पुसत.

वच्छलाबाई रिद्धपूरच्या, महानुभाव पंथाच्या घरातल्या. कमी बोलत. एकदा जेवताना म्हणाल्या, "आवो, हाताले काय झालं?"

"काई नाई."

"मंग तो रोज कायले धुता?"

ते ताटावरून उठले. ते वाक्य, बोट इमानाचं, त्यांच्या तोंडून बंद झालं होतं. घरात ते फक्त वच्छलाबाईंच्याच ध्यानात आलं.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला नव्या बँक अधिकाऱ्यांचं शिबिर होतं. विषय होता, घबराट कशी हाताळावी. सांगणारे भगवंतराव. त्यांनी मोर्णाकाठची गोष्ट सांगितली, जशी ती आता छापील झाली होती. तेलगिरण्या, मुंबईची बैठक, दारातली गर्दी. मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग मागच्या बाकावरून रागिणी नावाची एक मुलगी उठली. अंगावर अजून कॉलेजचा वारा.

"सर, निर्बंधांच्या आधीच्या त्या दिवसांत तुम्हाला ओळखीच्या कोणीच विचारलं नाही का, पैसे काढू का म्हणून? तेव्हा काय उत्तर दिलं?"

भगवंतराव म्हणाले, "नाही. कोणी विचारलं नाही."

आणि खाली बसले. उघड्या सभेत, तोंडानं बोललेलं खोटं. बाजाराच्या हिशेबानं त्याचं पाप नव्हतं. पण या खोट्यानं हुसेनभाईंचा तो हातच पुसून टाकला होता. जणू तो हात कधी आलाच नव्हता. मुलगी मान हलवून लिहून घेत होती. ते पाहून भगवंतरावांना अंगावरची शाल जड झाली.

सरकारी गाडी त्यांनी परत पाठवली. अमरावतीहून एस.टी.नं निघाले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीची काळी शेतं गेली. वाटेत त्यांनी मनात पुष्कळ जुळवलं. दुसरा गाळा घेऊन देऊ म्हणावं. नगमाच्या रजया बँकेमार्फत मोठ्या शहरात विकायची सोय करू म्हणावं. पण हे सगळं साहेबाचं बोलणं होतं. अकोला येईपर्यंत ते गळून पडलं. उरलं एवढंच, की तो हात पुन्हा आपल्या हातात येतो की नाही.

दिवस कलला होता. बाजारात ढेपेचा तो ओळखीचा गोडसर वास. हुसेनभाई दुकानात बसून पोत्याचं तोंड शिवत होते. आत नगमा कापूस भरत होती. हमाल दारातच होते. तेच, फक्त थकलेले.

"या," हुसेनभाई म्हणाले. "बसा."

आजवर त्यांनी कधी 'या' म्हटलं नव्हतं. भगवंतराव बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी जे हाताला ठाऊक होतं ते केलं. खांद्यावरची सत्काराची शाल ओढली, दोघांच्या मध्ये टाकली, आणि आपला हात खाली नेऊन उताणा ठेवला.

हुसेनभाईंनी शालीकडे पाहिलं. "चांगली हाय. थंडी लागन नाई." सुई त्यांनी पोत्यात खोचून ठेवली, पण हात गुडघ्यावरच राहिला. "आता तोंडानंच बोला, साहेब."

नगमाचे हात आत थांबले. हमालांपैकी एकानं बिडी विझवली.

भगवंतराव म्हणाले, "हुसेनभाई, मले माहीत होतं. त्या दिवशी."

"हाव. मलेबी माहीत हाय."

"कधीपासून?"

"गाळा गेला त्या दिवशीपासून. तोवर म्हटलं, त्याचं काईतरी असन."

"तुमी कोनाले बोलले नाई."

"रुमालाखालची गोष्ट बाहेर बोलाची असते का? आपला धरम हाय थो. तुमी शिकले तवाच सांगतला होता." हुसेनभाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भगवंतरावांना बरं वाटलं असतं.

"म्या अंगठा दाबला असता तं तुमी पैसे काढले असते," भगवंतराव म्हणाले. "मंग सारा बजार धावला असता. कोनाचंच काई राह्यलं नसतं. म्या सगळ्यायसाठी..."

"म्या काढले नसते."

भगवंतरावांना कळलं नाही. त्यांनी मान वर केली.

"काढाले गेलो असतो तं बजारानं पाह्यलं असतं, एवढं मलेबी समजते नं भाऊ. चाळीस वर्स दलाली केली म्या. अंगठा दाबला असता तं समजून घेतलं असतं, बँक गेली तंगीत. गाळेवाल्याले नाई म्हटलं असतं, नाईतं भावापासून घेतले असते. अन् तुह्यावाणी गप बसलो असतो." त्यांच्या तोंडून 'तुह्या' निघून गेलं, तसं ते क्षणभर थांबले, आणि पुन्हा अंतरावर गेले. "तुमाले वाटलं, हुसेन धावन. तोंडानं खोटं बोलता आलं असतं तुमाले. चारचौघात म्हटलं असतं, 'चिंता नाई' म्हणून, अन् आत अंगठा दाबला असता; म्या समजून गेलो असतो. पर तुमी आत खोटं बोलले."

आतून नगमा म्हणाली, "अब्बा, जाऊ द्या नं. पैसे तं भेटले."

"भेटले नं. म्या कुठी नाई म्हटलं?" हुसेनभाईंनी सुई पुन्हा उचलली. "नगमा, काकाले चहा ठेव."

"नको," भगवंतराव म्हणाले.

हिशेब बरोबर होता, असं ते इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. त्यावर त्यांची खुर्ची उभी होती, समिती उभी होती, आज सकाळच्या टाळ्या उभ्या होत्या. आणि आता या माणसानं पोत्याच्या तळाशी हात घालून दाखवला होता. वरचा थर सगळा चांगला. तळाशी एवढीच गोष्ट की त्यांनी हुसेनवर भरवसा ठेवला नव्हता. खरी भीती बाजाराची नव्हती. ज्या हातानं शिकवलं, तो हात तोंड बंद ठेवील, एवढं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी शाल उचलली. घडी नीट होईना. शेवटी तशीच काखेत मारली. उठताना उजवा हात खिशाकडे गेला, पण त्यांनी तो बाहेरच ठेवला. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"येतो," ते म्हणाले.

"हाव."

भगवंतराव बाजाराच्या रस्त्यानं निघाले. सावकाश. मोबाईलच्या कव्हरांच्या गाळ्यापुढे क्षणभर थबकले, पण आत पाहिलं नाही. हमालांनी पाहिलं, एकाच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं, पण त्यानं ते म्हटलं नाही. वजनकाट्याजवळ ट्रक मागे येत होता, त्याला वाट देऊन ते बाजूला झाले, आणि मग धुळीत त्यांची पाठ तेवढी दिसत राहिली.

हुसेनभाई पाहत होते. सुई हातातून केव्हाच खाली गेली होती, आणि खांद्यावरचा रुमाल घसरून गुडघ्यावरच्या उजव्या हातावर पडला होता. मागच्या खोलीच्या दारातून नगमा बापाला पाहत होती. रुमालाखाली त्याची बोटं हलत होती की नाही, हे तिला तिथून दिसलं नाही.